ड्वार्फ फोर्ट्रेस (कॉम्प्युटर गेम): हिरे भलत्याच वस्तूंवर जडवले जातात किंवा 'कट जेम्स (कापलेले हिरे) नाहीत' म्हणून जॉब कॅन्सल होतो

स्टीमवाल्या व्हर्जनमधला प्रॉब्लेम. जेम कटर मस्त हिरे कापतोय पण एनक्रस्ट फिनिश्ड गुड्स (तयार वस्तूंवर हिरे जडवायचा जॉब) लावलं की ते जाऊन बसतात कुठल्यातरी फालतू खेळण्यावर, मास्टरवर्क (सर्वात उत्तम दर्जाचे) प्यायचे मग तसेच पडून. वैताग नुसता!

फालतू वस्तू फॉरबिड (वापरायला बंद) करून पाहिल्या, दर वेळी नवीन येतातच. नंतर प्यायच्या मगांचा स्टॉकपाइल (साठ्याची जागा) वर्कशॉपला लिंक केला तर जॉबच कॅन्सल, हिरे ढिगाने असून. कारण एकदा लिंक दिली की ते वर्कशॉप फक्त लिंक केलेल्या स्टॉकपाइलमधलंच सामान घेतं, हिरे धरून सगळं.

चाललं ते असं:

आधी कस्टम फिनिश्ड गुड्स स्टॉकपाइल, त्यात फक्त गॉब्लेट्स (प्यायचे मग यातच येतात) आणि क्वालिटी फक्त मास्टरवर्क, बिन्स (सामानाच्या पेट्या) शून्य, नाहीतर कोणी बिन उचलून फिरत असला की आतलं सगळं अडकतं. मग दुसरा स्टॉकपाइल फक्त कट जेम्सचा, इथेही बिन्स शून्य. दोन्ही ज्वेलर्स वर्कशॉपला 'गिव्ह' लिंक (म्हणजे स्टॉकपाइल वर्कशॉपला माल देतो). माल खरंच तिथे येऊन पडेपर्यंत थांबा. मग वर्कशॉपच्या वर्कर्स टॅबमधून जेम सेटिंग चांगलं असलेला ड्वार्फ नेमा, कारण जडावाची क्वालिटी त्याच्या स्किलवर ठरते, कापणाऱ्याच्या नाही. शेवटी त्याच वर्कशॉपमध्ये एनक्रस्ट लावा.

कापायचं काम दुसऱ्या, लिंक नसलेल्या वर्कशॉपमध्ये ठेवा. आणि कापताना कधीकधी लार्ज जेम निघतो तो जडवता येत नाही, सरळ व्यापाऱ्यांना विका.