क्लोजरने यादी गाळताना या चुका टाळा

फोंड्यात पायथन शिकवताना मी विद्यार्थ्यांना गावांची एक छोटी यादी देतो: ताळगाव व चिंबल तिसवाडीतील, शिवोली व हळदोणे बार्देशातील, कुर्टी व बांदोडा फोंड्यातील. तालुक्यांवर याच क्रमाने लूप फिरवून प्रत्येकासाठी लॅम्डाची (एका ओळीत लिहिलेल्या निनावी फंक्शनची) अट असलेला फिल्टर, म्हणजे अटीत बसणारी गावे तेवढी देणारी वस्तू, तयार करायचा, तिन्ही फिल्टर बाजूला ठेवायचे आणि लूप संपल्यावर त्यांतील गावे छापायची, एवढेच काम असते. पडद्यावर मात्र तिन्ही वेळा कुर्टी आणि बांदोडाच उमटतात. एरर येत नाही, म्हणूनच ही चूक मला सर्वांत घातक वाटते.

क्लोजर, म्हणजे बाहेरचे व्हेरिएबल वापरणारे फंक्शन (इथे आपला लॅम्डा), त्या व्हेरिएबलचे त्या क्षणीचे मूल्य टिपून ठेवत नाही. ते त्या व्हेरिएबललाच धरून राहते आणि अट प्रत्यक्ष तपासली जाईल तेव्हा त्यात जे असेल ते वाचते. त्यात पायथन ३ मधील फिल्टर मागितल्याशिवाय एकही गाव तपासत नाही, आणि तोवर लूप संपून व्हेरिएबलमध्ये ‘फोंडा’ येऊन बसलेला असतो. लूपमध्येच फिल्टरची लिस्ट करून घेतली तर उत्तर बरोबर येते. पण पुढे कोणी ती ओळ लूपबाहेर हलवली की दोष परत येतो. त्यापेक्षा लॅम्डाला आणखी एक पॅरामीटर देऊन तालुका हे त्याचे डिफॉल्ट मूल्य ठेवावे, कारण ते लॅम्डा तयार होतानाच ठरते. जावास्क्रिप्टमध्ये हा प्रश्न लूपचे व्हेरिएबल ‘व्हार’ने घोषित केल्यास येतो, २०१५ साली आलेल्या ‘लेट’ने सुटतो, गो भाषेने तर २०२४ मधील १.२२ आवृत्तीत लूपचा नियमच बदलला.

फिल्टर एकदाच वाचता येतो, हेही अनेकांच्या ध्यानात राहत नाही. आधी गावे मोजली आणि मग छापायला गेले, तर हाती काहीच येत नाही. दोनदा लागणार असेल तर लिस्टच करावी.

अटीसाठी वेगळे फंक्शन लिहिताना ‘रिटर्न’ राहून गेले, तर यादी रिकामी येते.

फिल्टर टाळून, लूप चालू असतानाच मूळ यादीतून तिसवाडीची गावे काढू लागल्यास ताळगाव जाते, चिंबल त्याच्या जागी सरकते, लूप पुढच्या स्थानावर जातो आणि चिंबल यादीत तसेच राहते. मूळ यादीला हात न लावता गाळलेली नवी यादी तयार केली, तर असे गाव निसटत नाही.