रंकाळ्याच्या शरदातल्या फेरीत छायाचित्रे काढताना या चुका टाळा

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापूरचा रंकाळा तलाव भरलेला असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि दुपारनंतर परतीच्या पावसाचे ढग आकाशात चढू लागतात. तरीही दर वर्षी नव्याने कॅमेरा घेतलेली मंडळी काठावर त्याच त्या चुका करतात आणि घरी गेल्यावर सॉफ्टवेअरमध्ये सगळे सुधारता येईल, अशी स्वतःची समजूत घालून घेतात.

सर्वांत जास्त छायाचित्रे पोलरायझर फिल्टर, म्हणजे चकाकी कापणारी, फिरवता येणारी काच, लेन्सवर कायम चढवून ठेवल्याने बिघडतात. दोन वर्षांपूर्वी दक्षिण काठावरून समोरचा शालिनी पॅलेस टिपताना मीही तेच केले होते. सूर्य डावीकडे कलला होता, लेन्स वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, होती आणि फिल्टर पूर्ण फिरवलेला होता. सूर्याशी काटकोन करणारे आकाश या फिल्टरने सर्वाधिक गडद होते; त्यामुळे चित्राच्या मधोमध निळाकाळा पट्टा उमटला आणि दोन्ही कडा फिक्या राहिल्या. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांच्या कोनातून पाहिले, तर फिल्टर प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. दूरचे पाणी याहून बरेच सपाट कोनातून दिसत असल्याने पॅलेसचे प्रतिबिंब टिकले; परंतु पायाशी पाण्यात उतरलेले ढग नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी शेवाळलेले दगड व केंदाळाची तुटकी मुळे दिसू लागली. जो प्रकाश कॅमेऱ्यात शिरलाच नाही, तो संगणकावर आणणार कोठून? तेव्हापासून फिल्टर माझ्या खिशात असतो आणि ओल्या पानांवरची चकाकी घालवायची असेल तेव्हाच बाहेर येतो.

दुसरी चूक पाण्याच्या कडेवरून चित्र सरळ करण्याची आहे. समोरचा काठ एका बाजूने आपल्याजवळ आलेला असला, की त्याची रेषा छायाचित्रात तिरपी दिसणे स्वाभाविक असते. तिला आडवी केली, तर पॅलेसचा मनोरा कलतो. शांत पाण्यात प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या बरोबर खाली पडते. म्हणून मी मनोऱ्याचे टोक आणि पाण्यातले त्याचे टोक एका उभ्या रेषेत आणतो व काठाकडे लक्ष देत नाही.

वारा सुटल्यावर प्रतिबिंबाची वाट पाहू नये. प्रतिबिंब हवे असेल, तर सूर्योदयापूर्वी पोहोचावे. फिरायला येणाऱ्यांच्या वाटेत ट्रायपॉड पसरून ठेवू नये. ट्रायपॉडवर लेन्सचे स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचे हादरे सावरणारी सोय, मी बंद करतो.

फेरी पूर्ण करण्याचा हट्ट मात्र मला खरोखर खटकतो. छायाचित्रासाठी आलेल्या माणसाने तलावाला पूर्ण वळसा घातलाच पाहिजे, असे कोणी ठरवले आहे? ऑक्टोबरच्या मध्यास येथे सूर्य सुमारे 6.10 वाजता मावळतो आणि बिंब दिसेनासे होताच निम्मे कॅमेरे पिशवीत जातात. तलावातल्या संध्यामठ या जुन्या दगडी वास्तूजवळ मी त्यानंतरही वीस-पंचवीस मिनिटे थांबतो. तेव्हा आकाश आणि पाणी यांच्या उजेडातला फरक कमी होतो, मठाच्या दगडी बांधकामातला काळोख हळूहळू निळसर होतो आणि काठावरचे दिवे पाण्यात लांबट होऊन उतरतात.