छोट्या पॉकेटला चॅम्फर मारताना टोक खाली ठेवा

व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) छोट्या पॉकेटच्या, म्हणजे धातूत कोरलेल्या खळग्याच्या, कडेला ०.५ मिमी चॅम्फर (तिरकी कड) मारायचा असला, की बरेचजण ९० अंशी चॅम्फर टूलचं टोक Z-०.५ वर, म्हणजे वरच्या पृष्ठभागापासून ०.५ मिमी खाली, नेतात. तिथेच काम बिघडतं. टोकाशी कटिंग स्पीड जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे धातू कापला न जाता घासला जातो, बर (कडेला उरलेला धातूचा खरखरीत कंगोरा) उठतो आणि टोक लवकर उडतं.

टूल Z-१.५ वर न्या. टोक अणकुचीदार असेल तर Z-०.५ च्या पातळीवर टूलची त्रिज्या १.० मिमी भरते, तोच आकडा D मध्ये (मशीनमधल्या टूल-त्रिज्येच्या ऑफसेटमध्ये) टाका. टोक ०.४ मिमी व्यासाचं सपाट असेल तर १.२. साइज कमीजास्त करायची तर फक्त Z हलवा; ९० अंशी टूलची धार ४५ अंशात असते, म्हणून जेवढा Z तेवढाच चॅम्फर.

मात्र पॉकेट १.५ मिमीपेक्षा खोल हवं, नाहीतर टोक तळाला लागेल. अरुंद खाचेत समोरची कडही तपासा: अणकुचीदार टूलची त्रिज्या वरच्या पातळीवर १.५ असते, म्हणून रुंदी २.५ मिमीच्या आसपास असेल तर ही खोली चालणार नाही, टूल थोडं वर घ्या आणि चॅम्फर तोच राहावा म्हणून D ही तेवढाच कमी करा.

आरपीएम काढताना ६ मिमी शँक (टूलचा दांडा) धरू नका, कापणारा व्यास ३ मिमीच आहे. कोपऱ्यात फीड कमी करा. तिथे टूलचं केंद्र लहान वळण घेतं आणि धार प्रत्यक्षात प्रोग्रॅमपेक्षा जास्त फीडने कापते.

क्रम रफिंग (जास्तीचा धातू काढणं), चॅम्फर, मग भिंतीचा फिनिश कट (शेवटचा बारीक कट) असा ठेवा. चॅम्फरचा खालचा बर त्या शेवटच्या कटातच निघून जातो.