सर्व्हरसाठी अँटीव्हायरस निवडताय? या चुका टाळा

भोसरी, सातपूर किंवा कुपवाडच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात दहा-पंधरा पीसी असतात आणि एक विंडोज सर्व्हर. त्याच सर्व्हरवर टॅली, एसक्यूएल डेटाबेसवर चालणारं ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर), पेरोल आणि सगळ्यांची शेअर फोल्डर्स. अँटीव्हायरसचं रिन्यूअल आलं की डीलरला फोन जातो, "मागच्या वर्षीचंच पाठवा," आणि पीसीसाठी घेतलेल्या पॅकमधली एक प्रत सर्व्हरवरही चढते. इथूनच बिघडायला सुरुवात होते. पीसीवर एक माणूस काम करतो, सर्व्हरवर अख्खी कंपनी. म्हणून कोटेशन मागवण्याआधी एक कागद घ्या आणि सर्व्हरवर काय काय चालतं, कोण कुठून जोडलं जातं, बॅकअप कुठे जातो, हे लिहून काढा. निवड त्या कागदावरून करायची, ब्रँडच्या नावावरून नाही.

घरगुती आवृत्ती घेण्याची चूक लवकर लक्षात येते, कारण बहुतेक घरगुती अँटीव्हायरस सर्व्हर ओएसवर इन्स्टॉलच होत नाहीत. झाले तरी लायसन्सच्या अटीत बसत नाहीत. बिझनेस आवृत्तीतही सर्व्हरचं लायसन्स वेगळं मोजतात का, हे डीलरकडून लेखी घ्या.

दोन अँटीव्हायरस एकमेकांशी भांडतात

विंडोज 10 किंवा 11 वर दुसरा अँटीव्हायरस टाकला की विंडोजसोबतच येणारा अँटीव्हायरस, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, आपोआप बाजूला होतो. सर्व्हरवरही तसंच होईल असं धरून चालतात, पण विंडोज सर्व्हर 2016 आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत डिफेंडर स्वतःहून बाजूला होत नाही. नव्या प्रॉडक्टच्या इन्स्टॉलरने तो बंद केला तर ठीक, नाहीतर दोघंही प्रत्येक फाइल तपासत बसतात आणि सर्व्हर कण्हायला लागतो. टास्क मॅनेजर उघडून बघा. नवीन अँटीव्हायरसच्या जोडीला 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' (म्हणजे डिफेंडर) हीसुद्धा सीपीयू आणि डिस्क खात असेल, तर सर्व्हर मॅनेजरमधून डिफेंडरचं फीचर काढा आणि रीस्टार्ट द्या. रॅम वाढवण्याचा खर्च करण्याआधी हे तपासलंच पाहिजे.

एक्सक्लूजन: एकतर नाहीच, नाहीतर अख्खी डी ड्राइव्ह

एक्सक्लूजन म्हणजे अँटीव्हायरसने तपासायच्या नाहीत अशा फाइल्स आणि फोल्डर्स. सर्वात जास्त तक्रारी इथल्या असतात. एसक्यूएल सर्व्हरच्या एमडीएफ आणि एलडीएफ, म्हणजे डेटाबेसच्या डेटा आणि लॉग, फाइल्स सतत उघड्या असतात. सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि एसक्यूएलच्या आधी अँटीव्हायरसने ती फाइल धरून ठेवली, तर डेटाबेस उघडत नाही. 'रिकव्हरी पेंडिंग' किंवा 'सस्पेक्ट' दिसतो. ईआरपीवाला म्हणतो डेटाबेस खराब झाला, हार्डवेअरवाला म्हणतो डिस्क गेली. अशा वेळी घाईने बॅकअप रिस्टोअर करू नका. आधी एसक्यूएलचा एरर लॉग उघडा. 'ऑपरेटिंग सिस्टिम एरर 32' दिसला, तर फाइल दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामच्या ताब्यात आहे असा त्याचा अर्थ, आणि पहिला संशयित अँटीव्हायरस. एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या हायपर-व्हीवरही हाच प्रकार: स्कॅनरने व्हीएचडीएक्स (व्हर्च्युअल डिस्कच्या) फाइल्स किंवा कॉन्फिगरेशन फोल्डर धरलं की व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही, कधी यादीतूनच नाहीशी होते.

डिफेंडर विंडोज सर्व्हरच्या स्वतःच्या सेवांसाठी (रोल्ससाठी), म्हणजे हायपर-व्ही, डीएनएस, अॅक्टिव्ह डिरेक्टरी यांसाठी, एक्सक्लूजन आपोआप लावतो. एसक्यूएल सर्व्हर त्या यादीत नाही. ते आपल्याला लावावं लागतं आणि त्याची यादी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली आहे. तुमच्या ईआरपीवाल्याकडेही त्याच्या फोल्डर्सची यादी मागा, मेलवर.

उलट टोकाची चूक जास्त घातक आहे. तक्रारी बंद व्हाव्यात म्हणून एएमसीचा (वार्षिक देखभाल कंत्राटाचा) मुलगा अख्खी डी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये टाकून जातो. त्याच ड्राइव्हवर शेअर फोल्डर असतं, डाउनलोड केलेले सेटअपही तिथेच. आत शिरलेल्याला आपला प्रोग्राम ठेवायला बिनतपासणीची जागा आयती मिळते. एक्सक्लूजन नेमक्या फोल्डरला, नेमक्या एक्स्टेन्शनला द्यायचं, आणि का दिलं ते तारखेसह नोंदवून ठेवायचं.

टॅली हळू चालत असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. डेटा सर्व्हरवर शेअर करून दहा पीसी तो उघडत असतील, तर सर्व्हरही फाइल तपासतो आणि प्रत्येक पीसीही. सर्व्हरवरचं रिअल-टाइम स्कॅनिंग चालू ठेवून पीसींवर नेटवर्क ड्राइव्हचं स्कॅनिंग बंद केलं की हा दुहेरी भार जातो.

दार उघडं आणि कुलूप तिजोरीला

घरून टॅली बघता यावी, सॉफ्टवेअरवाल्याला सपोर्ट देता यावा म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून सर्व्हर वापरण्याचा, 3389 पोर्ट उघडून दिलेला असतो. इंटरनेटवर असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. नंबर बदलून 3390 केला तरी तो सापडतोच. पासवर्ड सापडला की माणूस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करतो, अँटीव्हायरस अनइन्स्टॉल करतो, शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या फाइल्सच्या जुन्या प्रती) पुसतो आणि मग फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर चालवतो. "अँटीव्हायरस असूनही फाइल्स लॉक झाल्या" ही तक्रार पुष्कळदा अशी असते. त्या क्षणी अँटीव्हायरस सर्व्हरवर नव्हताच.

म्हणून टॅम्पर प्रोटेक्शन (अँटीव्हायरस कुणी परस्पर बंद करू नये अशी सोय) आणि अनइन्स्टॉलसाठी स्वतंत्र पासवर्ड असलेलंच प्रॉडक्ट घ्या, आणि तो पासवर्ड विंडोजच्या अॅडमिन पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. क्लाउड कन्सोल (सगळ्या मशीनचा अँटीव्हायरस इंटरनेटवरून सांभाळायचं पान) असेल तर त्याला टू-फॅक्टर लावा, कारण तिथून सगळ्या मशीनवरचं संरक्षण एकाच वेळी काढता येतं. पोर्ट बंद करून व्हीपीएन, म्हणजे बाहेरून जोडायचा सुरक्षित खासगी मार्ग, घ्या. आज रात्रीच तपासायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये 4625 (फसलेलं लॉगिन) शोधा. रात्री दोन वाजता त्या नोंदींची रांग लागली असेल, तर कुणीतरी तुमचे पासवर्ड चाचपून पाहतंय. डिफेंडर वापरत असाल तर त्याच्या लॉगमधली 5001 ही नोंदही पाहा. रिअल-टाइम संरक्षण बंद केल्याची ती खूण.

दुसरा मार्ग आतून येतो. अकाउंट्समधल्या पीसीवर कुणी मेलमधलं खोटं इनव्हॉइस उघडलं, तर घातक प्रोग्राम त्या पीसीवर चालतो आणि शेअर फोल्डरमधल्या फाइल्स नेटवर्कवरून लॉक करतो. सर्व्हरवर असा प्रोग्राम चालतच नसतो, त्यामुळे साध्या स्कॅनरला पकडायला काही मिळत नाही. नेटवर्कवरून होणारं एन्क्रिप्शन ओळखून त्या पीसीचा संपर्क तोडता येतो का, हा प्रश्न प्रत्येक वेंडरला विचारा. खर्च वाचवायला फक्त सर्व्हरला लायसन्स घेऊन पीसी उघडे ठेवू नका.

अपडेटबद्दलचे दोन गैरसमज

अँटीव्हायरस आहे म्हणून विंडोज अपडेट बंद ठेवणं हा पहिला. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर 12 मे 2017 ला पसरलं. ती फट बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेला होता. त्याच वर्षी 27 जूनच्या नॉटपेट्या या हल्ल्याने जहाज कंपनी मर्स्कच्या समूहाचं न्हावा शेवा बंदरातलं टर्मिनलही ठप्प केलं. सर्व्हर 2012 आर2 चा नियमित सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपला आहे आणि 2016 चा 12 जानेवारी 2027 ला संपतो. तीन वर्षांचं लायसन्स घेताना या तारखा समोर ठेवा.

अँटीव्हायरसचं अपडेट कधी चुकत नाही, हा दुसरा. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज मशीन बंद पडली. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल हाताने काढावी लागत होती, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तिथे आधी रिकव्हरी की लागायची. ती की त्याच सर्व्हरवर ठेवली असेल तर काय उपयोग? प्रिंट काढून बाहेर ठेवा. अपडेट आधी दोन-चार पीसींवर आणि मग सर्व्हरवर सोडता येतं का, हेही विचारा.

पैसे देण्याआधी

एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कम्पॅरेटिव्हज या अँटीव्हायरस तपासणाऱ्या संस्थांचे निकाल जरूर बघा, पण त्यांच्या नेहमीच्या चाचण्या विंडोज 10 किंवा 11 वरच्या असतात. तुमच्या सर्व्हरवर प्रॉडक्ट कसं वागेल हे त्यातून कळत नाही. पुण्याच्या क्विक हीलचा सेक्राइट असो की परदेशी ब्रँड, ट्रायल मागा. ती अशी घ्या की 11 तारखेचं जीएसटीआर-1 आणि 20 तारखेचं 3बी त्यात येईल, कारण सर्व्हरवर खरा ताण तेव्हाच पडतो. टॅलीत कंपनी उघडायला लागणारा वेळ, ईआरपीचा सर्वात जड रिपोर्ट आणि रात्रीचा बॅकअप, या तिन्हींची वेळ आधी आणि नंतर टिपा. फुल स्कॅन बॅकअपच्या वेळेवर येऊ देऊ नका.

मग आयकारची चाचणी फाइल शेअर फोल्डरमध्ये टाका. ती निरुपद्रवी आहे, फक्त अँटीव्हायरस जागा आहे का ते कळण्यासाठी बनवलेली. फाइल पकडली गेली की अॅलर्टचा मेल कुणाच्या इनबॉक्समध्ये पडतो ते बघा. नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरच्या पत्त्यावर जात असेल, तर तो आजच बदला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. तेव्हा रविवारीही तो मेल वाचणारा एक माणूस नेमा, आणि त्याचा मोबाइल नंबर सर्व्हर रूमच्या दारावर लावा.