आमिष गोगलगायीसाठी, खातो मात्र कुत्रा

पाऊस पडून सोयाबीन दोन पानांवर आलं, की रात्री बांधावरून शंखी गोगलगायी आत शिरतात. 2022च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत त्यांनी उगवलेलं पीक खाऊन टाकलं, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्या सगळ्यांना माहीत झाल्या. एकरी 2 किलो अडीच टक्क्यांच्या गोळ्या, अशी शिफारस आहे आणि त्या लागूही पडतात. पण गोगलगायीने ओढीने यावं म्हणून त्या धान्याच्या पिठा-कोंड्यात बनवलेल्या असतात, आणि ती चव राखणीच्या कुत्र्यालाही आवडते. फवारणीच्या वासाने जनावर सहसा लांब पळतं, आमिषाकडे मात्र स्वतःहून चालत येतं. म्हणून या हंगामात पाळीव जनावरांना पंपापेक्षा आमिषाचा धोका जास्त, असं माझं मत आहे.

मेटाल्डिहाईड पोटात गेलेला कुत्रा अर्ध्या तासापासून तीन-चार तासांत थरथरू लागतो. चाल अडखळते, लाळ गळते, अंग तापतं, मग झटके येतात. यावर नेमका उतारा नाही. पशुवैद्य झटके थांबवतात, ताप उतरवतात, सलाईन लावतात, आणि वेळेत पोचलेलं जनावर बरंचदा वाचतं. ‘सकाळी बघू’ म्हणण्यात मात्र ते हातचं जातं.

गोळ्या टाकायच्याच असतील तर मूठभर ढीग कधीच करू नका. संध्याकाळी, जमीन ओली असताना, बांधाच्या कडेने विरळ फेका. विखुरलेले दाणे कुत्रा सहज टिपत नाही, ढिगात मात्र चार घासांत पोट भरतं. गोळ्या शिवारात आहेत तोवर कुत्रा बांधा, कोंबड्या खुराड्यात ठेवा. उरलेली पिशवी गोठ्याच्या वळचणीला टांगू नका. पेंडीच्या पोत्याशेजारी तर अजिबात नको, अंधारात हात चुकतो.

घराभोवती, परसात आणि कुंड्यांच्या बागेत या गोळ्यांची गरजच नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी अंथरा. पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. त्या बादलीवर झाकण हवं, कारण तहानलेलं जनावर खारं पाणीही पितं आणि जास्त मीठ त्याला बाधतं.

गोगलगायींच्या आमिषाची जुनी एक कृती अजून मोबाईलवर फिरत असते: कोंडा, गूळ आणि मेथोमिल हे कीटकनाशक. तिच्या नादी लागू नका. मेथोमिलवर केंद्र सरकारने 2023 मध्ये बंदी घातली आहे, आणि गुळातलं हे विष कुत्र्याला फार लवकर मारतं.

उंदरांच्या बाबतीत दोन औषधं दोन तऱ्हेने मारतात. झिंक फॉस्फाईडची काळी पूड भरड्यात तेल लावून देतात. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यापासून फॉस्फीन वायू सुटतो. म्हणूनच विषबाधा झालेल्या कुत्र्याला दूध-भाकरी चारणं घातक: पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं, आम्ल वाढलं की वायूही वाढतो. त्याच्या उलटीलाही लसणासारखा उग्र वास येतो, तेव्हा त्याला बंद गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा, नाहीतर तुम्हालाही त्रास होईल. हे आमिष उघड्यावर पसरू नका. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा देऊन उंदरांना सवय लावा, मग पुडी बिळात आत सारून तोंड मातीने बुजवा.

ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांची कथा वेगळी. खाल्ल्यावर दोन-चार दिवस जनावर अगदी ठणठणीत दिसतं. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा लघवीतून रक्त येतं, धाप लागते. ‘खाल्लं पण काही झालं नाही’ या भरवशावर राहू नका. डॉक्टर व्हिटॅमिन के-1 सुरू करतात आणि ते बरेचदा तीन-चार आठवडे चालतं, मध्येच सोडायचं नाही. या औषधाने मेलेले उंदीर रोज खाणाऱ्या मांजरात आणि घुबडातही विष साठत जातं, म्हणून मेलेले उंदीर खोल पुरा.

आता ‘सेंद्रिय’. हा शब्द पिशवीवर दिसला की लोक निर्धास्त होतात, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. गुलाबाच्या कुंड्यांत बोनमील आणि एरंडी पेंड मिसळून घालायची पद्धत आहे. हाडांच्या वासाने कुत्रा माती उकरतो आणि पेंड खातो. एरंडीचं तेल काढलं तरी रिसिन हे विष पेंडीत राहतं. उलट्या आणि रक्ताचे जुलाब कधी सहा तासांत, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात. कुत्रा पाळलेल्या घरात एरंडी पेंड वापरूच नये. निंबोळी पेंड कडू असते, तिला कुत्रा सहसा तोंड लावत नाही.

दहा झाडांचा पाला आंबवून केलेल्या दशपर्णी अर्काच्या ड्रममध्येही कण्हेर, रुई, एरंड असतात आणि तो महिनाभर आंबत पडलेला असतो. वासरू किंवा कुत्रा त्यात तोंड घालणार नाही असं झाकण बांधा. तंबाखूचा काढा तर त्याहून जलद: निकोटिनने तासाभराच्या आत उलट्या आणि थरथर सुरू होते.

फवारणीचं थोडक्यात सांगतो. पान पूर्ण वाळेपर्यंत जनावर रानात सोडू नका, फवारलेल्या बांधावरचं गवत कापून आणू नका. तणनाशकाने कोमेजणारं तण गुरांना कधी कधी जास्त गोड लागतं, त्यामुळे तिथे विशेष लक्ष हवं. पंप शेततळ्यात धुऊ नका, सायपरमेथ्रिनसारख्या औषधांचा थोडा अंशही रोहू-कटल्याला पुरतो. बीजप्रक्रिया केलेलं रंगीत बी सांडलं तर गोळा करून पुरा, कोंबड्या ते टिपतात.

मांजराचं शरीर सायपरमेथ्रिनच्या गटातली, म्हणजे पायरेथ्रॉइड औषधं नीट पचवू शकत नाही. गोचिडांसाठी गुरांना किंवा कुत्र्याला लावायचं औषध मांजराला लावू नका, आणि औषध लावलेल्या कुत्र्याजवळही मांजर लगेच झोपू देऊ नका. डब्यावरच्या त्रिकोणाचे लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच्या चाचण्यांवरून ठरतात. हिरवा त्रिकोण मांजरालाही निर्धोक, असा अर्थ काढू नका.

बाधा झालीच तर मिठाचं पाणी, तेल किंवा ताक पाजू नका. झटके येणाऱ्या जनावराला उलटी करायला लावणं म्हणजे घास श्वासनळीत ढकलणं. औषध अंगावर सांडलं असेल तर हातमोजे घालून साबण-पाण्याने धुवा आणि अंग चाटू देऊ नका. औषधाचा डबा, पिशवी किंवा त्यावरच्या मजकुराचा फोटो सोबत न्या, कारण उपचार औषधाच्या नावावर ठरतो. तोंडातून फेस, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या आणि जुलाब दिसले तर क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस या कीटकनाशकांच्या गटाचा संशय घेतात. त्यावर अॅट्रोपिन आहे, पण मात्रा डॉक्टरनेच द्यायची. पशुधनासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे, आणि कुत्र्या-मांजरासाठी जवळच्या पशुवैद्याचा नंबर औषधं ठेवण्याच्या कपाटाच्या दारावर आजच लिहून ठेवा.