युनिटच्या सायबर स्पर्धेत नाव आलंय? तयारी अशी करा

माझा मामेभाऊ, आमचा दादा, लष्कराच्या सिग्नल्समध्ये आहे, रेडिओ ऑपरेटर. महिनाभराची रजा घेऊन कळव्याला आला तो टेन्शन घेऊनच आला, कारण साहेबांनी सायबर स्पर्धेच्या टीममध्ये त्याचं नाव टाकलेलं आणि याचं आपलं एकच, अगं मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं, मी बारावी झालो नि भरती झालो. मी ऐरोलीला एका कंपनीत सॉकमध्ये आहे, म्हणजे चोवीस तास अलर्ट येत असतात, त्यातला खरा हल्ला कुठला आणि उगाचचा कुठला ते आम्ही बघतो. तर नाईट संपली की ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून एक स्टेशन कळवा, मामीचा चहा आणि मग दोन तास दादाची शिकवणी, असं तीन आठवडे चाललं. त्याच्यासारखे अजून बरेच जण असणार म्हणून सगळं इथे लिहून ठेवतेय.

आधी स्पर्धा असते कशी ते. एका प्रकारात प्रश्नांचा तक्ता असतो, प्रत्येक प्रश्नात कुठेतरी एक गुप्त ओळ लपवलेली असते, तिला फ्लॅग म्हणतात, ती शोधून टाकली की पॉइंट्स. दुसऱ्या प्रकारात तुमच्या ताब्यात चालू सिस्टिम देतात आणि समोरचे हल्ला करतात, तुम्ही ती चालू ठेवायची. नेटोच्या टॅलिनमधल्या सायबर केंद्राची लॉक्ड शील्ड्स ही या दुसऱ्या जातीची, २०१० पासून जवळजवळ दरवर्षी होते, आणि तिथे नुसतं सिस्टिम वाचवून भागत नाही, काय झालं त्याचे रिपोर्टही वेळेत द्यावे लागतात. अमेरिकेत सरकारी कर्मचारी आणि सैनिकांसाठी प्रेसिडेंट्स कप आहे, २०१९ ला सुरू झाला, आणि त्याचे जुने प्रश्न त्यांनी गिटहब या साइटवर फुकट ठेवलेत, सरावाला एकदम भारी. आपल्याकडे लष्कराने २०२१ मध्ये सैन्य रणक्षेत्रम नावाची हॅकेथॉन घेतली होती, महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये. तुमची कुठल्या प्रकारची आहे ते साहेबांना पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण दोन्हींची तयारी वेगळी.

आता एक गोष्ट मी दादाला सगळ्यात आधी सांगितली आणि तुम्हालाही हात जोडून सांगते. सराव घरच्या लॅपटॉपवर करायचा, ऑफिसच्या मशीनला घरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, आणि सरावाच्या साइटवर अकाउंट उघडताना नाव, रँक, युनिट, वर्दीतला फोटो यातलं काहीही टाकायचं नाही. २०२० मध्ये लष्कराने जवानांना ८९ अ‍ॅप्स फोनमधून काढायला लावली ती उगाच नाही. अकाउंट उघडायच्या आधीही युनिटमध्ये विचारा, परवानगी आहे का. आणि शिकलेलं सोसायटीच्या वायफायवर नाहीतर शेजाऱ्याच्या राऊटरवर 'जरा बघूया' म्हणून अजिबात चालवू नका, दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये विनापरवानगी शिरलात तर आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. नोकरीचं काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

सुरुवात ओव्हरदवायर या सरावाच्या साइटवरच्या बँडिट नावाच्या खेळापासून करा. फुकट आहे, पहिलं लॉगिन ते स्वतःच देतात, विंडोजच्या काळ्या खिडकीतूनही जोडता येतं. प्रत्येक लेव्हलला पुढच्या लेव्हलचा पासवर्ड शोधायचा. दुसऱ्याच पायरीला पासवर्ड एका फाईलमध्ये आहे आणि फाईलचं नाव काय तर नुसता एक डॅश. दादाने कॅट, म्हणजे फाईलमधलं दाखवणारी कमांड, टाइप केलं, डॅश दिला, एंटर मारलं आणि कर्सर नुसता लुकलुकत बसला. दादाला वाटलं नेट स्लो आहे, पाच मिनिटं तसाच बघत राहिला. झालं असं होतं की नुसता डॅश दिला की कमांड समजते आता कीबोर्डवरून काहीतरी येणार आणि ती वाट बघत बसते. डॅशच्या आधी डॉट आणि स्लॅश लावला की तिला कळतं ही याच फोल्डरमधली फाईल आहे, आणि पासवर्ड समोर येतो. मी त्याला उत्तर सांगितलं नाही, मॅन्युअल उघडायला लावलं, वीस मिनिटं गेली पण आता ते तो जन्मात विसरणार नाही. तुम्हीही अडलात की लगेच यूट्यूबवर उत्तर बघू नका, निदान अर्धा तास झगडा.

पण खरा धडा बाराव्या लेव्हलला मिळाला. तिथे एकच फाईल पुन्हा पुन्हा कॉम्प्रेस करून ठेवलीय, एक थर उघडला की आत दुसरा, कधी जीझिप, कधी बीझिप, कधी टार. दादा चारपाच थर सोलून आत पोचला आणि लाईट गेली. राऊटर बंद, कनेक्शन तुटलं, आणि आधीच्या एकाही लेव्हलचा पासवर्ड लिहून ठेवलेला नव्हता. ती साइट तुमचे पासवर्ड जपून ठेवत नाही, त्यामुळे परत शून्यापासून. दादा असला चिडला होता ना! तेव्हा मी त्याला विचारलं, दादा तू रेडिओवर बसतोस तेव्हा प्रत्येक मेसेजची नोंद करतोस ना, मग इथे का नाही केलीस? तो गप्पच झाला. संध्याकाळी स्टेशनबाहेरून दोनशे पानी वही घेऊन आला आणि त्यात रेघा मारल्या, वेळ, प्रश्न, काय केलं, काय दिसलं, पुढे काय. त्याच्या वहीतलं एक पान असं होतं (फाईल कमांड म्हणजे फाईल कुठल्या प्रकारची आहे ते सांगणारी), २१:४० फाईल कमांड चालवली, जीझिप दिसलं. २१:४२ नाव बदलून उघडली, आत बीझिप. २१:४७ बीझिप उघडली, एरर, एक्स्टेन्शन चुकलं. बस एवढंच, पण दुसऱ्यांदा बारावी लेव्हल त्याने पाऊण तासात संपवली.

माझं तर स्पष्ट मत आहे की तुम्हा लोकांना ही सवय आधीपासून लागलेली असते आणि सिव्हिलमधल्या भल्याभल्या इंजिनिअरना ती नसते, मी रोज बघते शिफ्टमध्ये, सकाळी हँडओव्हर घेताना आधीच्या माणसाने रात्री काय तपासलं तेच कळत नाही. त्यामुळे डिग्री नाही म्हणून घाबरू नका, नोंद ठेवा. सिग्नल्सचं ब्रीदच आहे ना, तीव्र चौकस.

दुसऱ्या आठवड्यात वायरशार्क हे सॉफ्टवेअर घ्या. नेटवर्कवरून गेलेल्या सगळ्या पॅकेट्सची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रेकॉर्डिंग असते ती यात उघडतात. नवीन माणूस पहिल्या पॅकेटपासून वाचायला लागतो आणि हजारो ओळींमध्ये हरवतो. तसं नाही करायचं, आधी स्टॅटिस्टिक्समध्ये जाऊन कुठले प्रोटोकॉल, म्हणजे मशीन्सच्या बोलायच्या पद्धती, किती आहेत आणि कोण कोणाशी सगळ्यात जास्त बोललंय ते बघा, म्हणजे रेडिओ नेटवर जसं कोण कोणाला कॉल करतंय ते आधी ऐकता तसं. मग संशय आलेल्या संभाषणावर राईट क्लिक करून फॉलो टीसीपी स्ट्रीम. एफटीपी किंवा टेलनेट हे जुने प्रोटोकॉल असतील तर युजरनेम पासवर्ड चक्क वाचता येतो, कारण ते काही लपवतच नाहीत. आणि वेळ बघा, वायरशार्क आधी नुसते रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासूनचे सेकंद दाखवतं, घड्याळाची वेळ निवडली तर बहुतेक तुमच्या मशीनची स्थानिक वेळ दाखवतं, आणि प्रश्नात उत्तर यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत मागतात, साडेपाच तासांच्या फरकाने उत्तर चुकतं. हे मी समजावायला लागले तर दादा म्हणाला अगं यूटीसी म्हणजे तर आमचा झुलू टाइम, मला काय शिकवतेस!

फाईलचे प्रश्न हमखास येतात. नाव फोटोचं असलं तरी विश्वास ठेवू नका, हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलचे कच्चे बाइट्स दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून सुरुवात बघा. सुरुवातीला पीके ही दोन अक्षरं दिसली तर ती झिप आहे, बाहेरून काहीही नाव असो, ज्याने झिप बनवलं त्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. आणि शेवटी बरोबरची चिन्हं लागलेली लांबलचक अक्षरं दिसली की बहुतेक बेस सिक्स्टीफोर, ते कुलूप नाहीये, नुसतं वेगळ्या लिपीत लिहिलेलं आहे. त्यासाठी सायबरशेफ वापरा, ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने बनवलेलं, ब्राउझरमध्ये चालतं आणि डाऊनलोड करून ठेवलं तर नेट नसतानाही चालतं, स्पर्धेच्या हॉलमध्ये नेट मिळेलच असं नाही त्यामुळे नियमात बसत असेल तर आधीच जवळ ठेवा.

टीममध्ये सगळ्यांनी सगळं शिकायचा हट्ट नको. एकाने पॅकेट्स, एकाने फाईल नि मेमरी, एकाने वेब, आणि एक जण वही सांभाळणारा, जो कोण कुठे अडलाय ते बघून पंचेचाळीस मिनिटांनी त्याला त्या प्रश्नावरून उठवेल. हे काम कोणाला नको असतं पण शांत डोक्याच्या माणसालाच द्या, सगळ्यात ज्युनिअर म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नका.

रजा संपायच्या आधीच्या रविवारी आम्ही चार तासांची तालीम घेतली, मोबाईल बंद, घड्याळ समोर, मामाला सांगितलं मध्ये हाक मारायची नाही. पहिल्या वीस मिनिटांत दादाने एकही प्रश्न सोडवला नाही, सगळे वाचले आणि वहीत सोपे, मधले, नंतर असे तीन खण पाडले. फ्लॅग टाकताना स्पेस चुकते, कंस राहतो, म्हणून हाताने टाइप न करता कॉपी करायचा. शेवटच्या अर्ध्या तासात नवीन प्रश्न उघडायचा नाही, अर्धवट सुटलेला पुरा करायचा. आणि स्पर्धा संपली की त्याच रात्री, झोपायच्या आधी, न सुटलेले प्रश्न वहीत उतरवून काढा, कुठपर्यंत पोचलो होतो ते, कारण ती लॅब सकाळपर्यंत बंद झालेली असते आणि पुढच्या वर्षी टीममध्ये येणाऱ्या पोरांना तुमची वहीच मिळणार आहे.