जुना डेस्कटॉप ठेवायचा की बदलायचा, हे कसं ठरवावं

डेस्कटॉप किती वर्षं टिकतो, असं विचारलं की पाच ते आठ वर्षं हे ठोकळ उत्तर मिळतं. तेवढ्यावर विसंबून नवा पीसी घेऊ नका. कॅबिनेटमधला प्रत्येक भाग आपापल्या वेगाने जुना होतो आणि बरेचदा एकच भाग बदलून काम भागतं. उदाहरणादाखल २०१४-१५च्या सुमारास असेंबल केलेला पीसी घेऊ: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. असे पीसी अजूनही घरोघरी, झेरॉक्सच्या दुकानांत आणि सोसायट्यांच्या ऑफिसांत चालू आहेत.

१. बॅकअप घ्या. काहीही उघडण्याआधी फोटो, कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा दुसरीकडे उतरवून घ्या.

२. अडतंय कुठे ते बघा. पीसी हँग होत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स बघा. सीपीयू जेमतेम वीस-पंचवीस टक्के आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के दिसत असेल, तर दोष हार्ड डिस्कचा आहे. जुन्या पीसींमध्ये बहुतेक वेळा हेच आढळतं. 'प्रोसेसर जुना झाला, नवीनच घ्या' असा सल्ला लगेच मानू नका. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारं टोक प्रत्येक फाइलसाठी जागा बदलतं. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच. साधी साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी या पीसीला थेट बसते, आणि विंडोज सुरू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात. रॅम ऐंशी-नव्वद टक्क्यांवर अडकलेली असेल तर ती ८ जीबी करा. मात्र या पीसीला डीडीआर३ हा रॅमचा जुना प्रकार लागतो. डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने कळते. तिथे पिवळा किंवा लाल इशारा दिसला तर डिस्क बदला, वाट बघू नका.

३. कॅबिनेट उघडा. आधी प्लग काढा. धूळ ब्लोअरने उडवा. पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बिघडतो. चालू होताना नुसती बीप येत असेल तर रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलक्या हाताने पुसा. तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, बदला. पीसी मधूनच बंद पडत असेल तर प्रोसेसर तापतोय का, त्यावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय का, हे पाहा आणि मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) तपासून घ्या. एसएमपीएस स्वतः मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

शेवटी मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघा. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगली असतील, किंवा कोकणच्या दमट, खाऱ्या हवेने बोर्डावर हिरवट गंज धरला असेल, तर या पीसीवर खर्च थांबवा. इतक्या जुन्या बोर्डाला जोडीचा बोर्ड शोधत मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालण्यात अर्थ नाही.

४. विंडोजचा प्रश्न. माझ्या मते खरी वयोमर्यादा इथे आहे. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा (म्हणजे नेहमीचे सुरक्षा-अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पिढी नावातच कळते: आय५-८४०० हा आठव्या पिढीचा, आय३-४१५० चौथ्या. आडमार्गाने ११ टाकून देणारे भेटतील, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

म्हणून कामाप्रमाणे ठरवा. ब्राउझर, मेल, टायपिंग आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर एसएसडी आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका; हा आय३ अजून काही वर्षं सहज चालेल. टॅली किंवा पेजमेकर लागत असेल तर ती लिनक्सवर थेट चालत नाहीत. शिवाय याच पीसीवर बँकेचे व्यवहारही होत असतील तर नवा पीसी घ्या, आणि टाळाटाळ करू नका.

५. नवा घेतलात तर. मॉनिटर, कीबोर्ड आणि चांगली एसएसडी जुन्यातलीच वापरा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, तेवढीच बदला. जुनं कॅबिनेट भंगारवाल्याला देऊ नका. हार्ड डिस्क काढून ठेवा आणि बाकीचं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या ई-कचरा केंद्रात द्या.